कठड्यावरची गोणी

मी एकदा वाळूच्या गोणीला साक्षीदार केलं होतं. गोणीने साक्ष दिली, मी ती खरी मानली आणि एक माणूस तुरुंगात गेला. ती घटना आठवण्यासाठी मला डोळे मिटून बसावं लागत नाही. डावा हात खांद्याच्या वर नेला की खांदाच आठवण करून देतो. नातवंडं वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा मागतात तेव्हा मी उजवा हात पुढे करते आणि त्यांना सांगते की डाव्या हाताने काढलेले लाडू कडू लागतात. खरं कारण त्यांना सांगितलेलं नाही. ते इथे लिहिते आहे.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, म्हणजे आजच्या मानाने पोरगीच. सुरतच्या एका पोलीस ठाण्याची इन्स्पेक्टर. अंगावर कडक इस्त्री आणि डोक्यात फिजिक्स. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली अधिकारी आसपासच्या ठाण्यांमध्ये मी एकटीच होते आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. अपघाताच्या जागी रस्त्यावर टायरचे काळे पट्टे दिसले की बाकीचे मोजपट्टी शोधायचे, मी आधी बल आणि गतीवर भाषण द्यायची. हवालदार माझ्यामागे मला 'प्रयोगबेन' म्हणायचे. हे मला निवृत्तीच्या निरोप समारंभात कळलं. हार घालताना एकाच्या तोंडून निसटलं आणि सगळे खाली मान घालून हसले. मीही हसले. प्रयोगबेनचा शेवटचा प्रयोग त्यांनाही माहीत होता.

एक दिवस दुपारच्या आधी ठाण्यात फोन आला. कोसाडच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावरून एक बाई पडली होती. फोन करणारा पुरुष होता आणि हिंदीत बोलत होता. तो म्हणाला, ती पडली नाही, नवऱ्याने ढकलली, रोजचं भांडण होतं. नाव विचारताच त्याने फोन ठेवला. अशा निनावी खबरीची नोंद ठाणे डायरीत होते आणि अधिकाऱ्याने ती मिठाच्या खड्यासारखी चिमटीत धरून बघायची असते. मी ती अख्खी गिळली आणि जीपमध्ये बसले.

कोसाडच्या त्या इमारती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. चार मजले, लिफ्ट नाही, जिना एक माणूस वर आणि एक माणूस खाली एवढाच. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पुढे पत्रे टाकून जागा वाढवलेली, त्यामुळे भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये पत्र्यांचा एक सलग पट्टा. बाई त्या पत्र्यांच्या पलीकडे, रस्त्यावर पडली होती. पत्र्यावर पोचा नव्हता. हे मी जीपमधून उतरताच टिपलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

ती साड्यांचं काम करायची. घरी बसून साड्यांना टिक्की, म्हणजे चमकत्या टिकल्या, चिकटवायची, लेस लावायची. त्या इमारतीतल्या बहुतेक घरांत हेच काम. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, रात्रपाळीला, मूळचा खानदेशातला. मी वर गेले तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर उघड्या अंगाने बसला होता, डोळे झोपेने सुजलेले. शेजाऱ्यांनी दार बडवून उठवलं तेव्हा कळलं, असं तो सांगत होता. मी हवालदाराकडे बघितलं, हवालदाराने माझ्याकडे. बायको गॅलरीतून पडते, खाली आरडाओरडा होतो आणि हा आत झोपलेला.

इथे मला माझ्या त्या पन्नाशीच्या पोरीचा कान धरावासा वाटतो. माझे वडील सुरतच्याच उधन्यात लूमवर होते. रात्रपाळी करून आले की ते असे झोपायचे की आम्ही भावंडं त्यांच्या पोटावर पत्ते पिसायचो. दिवाळीत खिडकीखाली लड फुटली तरी ते कूस बदलायचे नाहीत. यंत्रांच्या त्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाच्या कानाला ओरडणं पोचत नाही, हे मला त्या इमारतीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. पण तेव्हा मी लूमवाल्याची मुलगी नव्हते. मी इन्स्पेक्टर होते.

प्रेताचा पंचनामा केला. डाव्या मनगटाभोवती कातडी सोलल्यासारखी लाल झाली होती. उजव्या हातात बांगड्या भरलेल्या, डावा हात मात्र रिकामा. मी पंचांना समजावून सांगितलं की नवऱ्याने डावं मनगट धरून पिरगाळलं, त्यात बांगड्या फुटल्या. एका पंचाने विचारलं, मग काचा कुठे आहेत? घरात, गॅलरीत, रस्त्यावर, कुठेही एक तुकडा नव्हता. मी म्हणाले, त्याने झाडून टाकल्या असतील, पुरावा नष्ट केला. काच सापडली असती तर ती पुरावा होती. सापडली नाही, तर तोही पुरावाच.

शेजारच्या तिघी बायकांचे जबाब घेतले. तिघींनी सांगितलं की आदल्या संध्याकाळी भांडण झालं आणि तो म्हणाला, "मरशील तू एक दिवस." तिघींचे शब्द तंतोतंत तेच. नव्या पोरांना मी शिकवायची की तीन माणसं एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगायला लागली तर समजा की त्यांची बैठक झाली आहे. शिकवायला मी फार हुशार होते.

आणि मग प्रयोग. दुसऱ्या दिवशी मी वाळूची गोणी वर चढवायला लावली, बाईच्या वजनाच्या अंदाजाने भरलेली. खाली सगळी वसाहत जमली होती. मी गॅलरीत उभी, हातात चहाचा ग्लास. कठड्याच्या कडेला सिमेंटमध्ये एक गुळगुळीत खाच पडली होती, त्यात तो ग्लास नेमका बसला, म्हणून तिथेच ठेवला. आधी गोणी कठड्यावरून नुसती सोडून दिली. ती सरळ खाली गेली आणि पत्र्यावर आदळून पोचा पाडून थांबली. मग गोणी पुन्हा वर आणली, कठड्यावर ठेवली आणि दोन शिपायांना जोरात लोटायला सांगितलं. ती पत्रे ओलांडून रस्त्यावर पडली, रक्तावर माती टाकली होती तिथून हातभर अंतरावर.

मी वरून मोठ्याने सांगितलं, "पडलेली वस्तू भिंतीजवळ पडते. ढकललेली दूर जाते. बाई दूर पडली."

माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल की गणित चुकलं नव्हतं. आडवी गती मिळाल्याशिवाय वस्तू भिंतीपासून दूर पडत नाही, हे खरंच आहे. पण ती गती धक्क्यानेच मिळते असं कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे? आणि मी गोणी ठेवली होती कठड्यावर. ती बाई काय कठड्यावर बसून भाजी निवडत होती? कमरेएवढ्या कठड्याच्या आत उभ्या असलेल्या माणसाला ढकललं तर तो आधी कठड्यावर आपटतो, कडेवरून घसरून खाली जातो, पत्र्यावर पडतो. हे आज मला भाजी चिरताना सुचतं. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या आणि टाळ्यांच्या आवाजात काही सुचत नाही.

जिन्याच्या वळणावर त्या पडलेल्या बाईची मुलगी उभी होती. शाळेचा फ्रॉक, दोन वेण्या, पाचवी-सहावीतली असेल. घटनेच्या वेळी ती शाळेत होती. कुणीतरी तिला आत न्यायला हवं होतं, पण सगळे गोणी बघत होते. मी खाली उतरताना तिच्याजवळ गुडघ्यावर बसले, कारण प्रशिक्षणात शिकवलं होतं की मुलांशी बोलताना त्यांच्या उंचीला यावं. तिने विचारलं, "बाबांनी?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणाले. फार मायेने म्हणाले. तिचा मामा त्याच संध्याकाळी येऊन तिला गावी घेऊन गेला.

नवऱ्याला अटक केली, रिमांड घेतला. चौकशीत तो सुरुवातीला हिंदीत बोलायचा प्रयत्न करत होता, पण घाबरला की अहिराणीवर यायचा. "मी जपेल व्हतू, ताई. मले काहीच ऐकू उनं नही." मी झोपलो होतो, मला काहीच ऐकू आलं नाही. ही माझ्या घरची बोली. माझी आई मरेपर्यंत दुसरी भाषा बोलली नाही. पण ठाण्यात मला कुणी खानदेशातली म्हणू नये असं वाटायचं, म्हणून मी टेबलावर पेन आपटून सांगायचे, "हिंदी में बोलो." मग तो गप्प व्हायचा. त्याचं ते गप्प होणं मी 'आरोपी उत्तर देण्यास टाळाटाळ करतो' असं लिहून घेतलं.

मारहाण कुणी केली नाही, हे मी मुद्दाम सांगते. तेवढीच आणखी एक गोष्ट माझ्या बाजूने आहे. कोठडीतून न्यायालयात नेताना तो एकदा थांबला आणि पुन्हा अहिराणीतच म्हणाला, "मनी पोरले सांगा, मी जपेल व्हतू." माझ्या मुलीला सांगा. बाकी त्याने काही मागितलं नाही, वकीलसुद्धा नाही. मी न कळल्यासारखं केलं आणि गाडीचं दार लावायला सांगितलं.

दोषारोपपत्र दाखल झालं. वरिष्ठांनी शाबासकी दिली. मी दुसऱ्या कामांना लागले.

त्यानंतर काही महिन्यांनी मोटारसायकल चोरीच्या तपासासाठी मी सुरतच्या सचिन या भागातल्या एका वसाहतीत गेले होते. अशाच इमारती, असेच पत्रे. तिसऱ्या मजल्यावर एका बाईचा जबाब घेत होते, तेवढ्यात खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. ती म्हणाली, "मॅडम, जरा थांबा हं, पोटलं उतरवायचंय." पोटलं म्हणजे तयार साड्यांचं गाठोडं. जिन्यावरून ओढत नेलं की टिक्क्या निघतात आणि ठेकेदार माल परत करतो, म्हणून ते दोरीने खाली सोडायचं, ही तिथली रीत.

मग ती जे करत होती ते मी बघत राहिले. तिने डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि खिळ्याला अडकवल्या. नायलॉनची दोरी मनगटाभोवती दोनदा गुंडाळली, कारण घामेजल्या तळव्यातून ती सटकते. गाठोड्याखाली दोरीचं एक लांब शेपूट सोडलेलं होतं. खालचा माणूस ते शेपूट धरून रस्त्यावर टेम्पोपाशी उभा राहिला आणि गाठोडं बाहेरच्या बाजूला ओढून धरू लागला, म्हणजे ते पत्र्यांना घासू नये. ती वरून सोडत होती, तो खालून ओढत होता. दोरी कठड्याच्या कडेवरून सरकत होती, आणि जिथून सरकत होती तिथे सिमेंटमध्ये गुळगुळीत खाच पडली होती. चहाचा ग्लास नेमका बसेल अशी.

मी तिला विचारलं, बांगड्या रोज काढतेस? ती म्हणाली, "डाव्या हातात घालतच नाही कुणी. आज हळदीकुंकवाला जायचं होतं म्हणून घातल्या."

मला कोसाडच्या त्या तिघी शेजारणी आठवल्या. जबाबावर अंगठा घेताना मी त्यांचे हात बघितले होते. डावे हात रिकामे. मला वाटलं होतं, नवीन फॅशन असेल.

आता शहाण्या माणसाने इथे थांबून टिपणं काढली असती. मी म्हणाले, दुसरं पोटलं मी सोडते. खाली माझा हवालदार उभा होता, त्याला शेपूट धरायला सांगितलं. दोरी तिच्यासारखीच मनगटाला गुंडाळली. गाठोडं हळूहळू सोडलं तेव्हा काहीच वाटलं नाही, एका हाताने पेललं. खालच्या मजल्यावर कपडे वाळवायची लोखंडी सळई बाहेर आलेली होती, तिच्यावर ते अडकलं. मला वरून कळलं नाही. मी दोरी सोडतच राहिले आणि ती सैल पडत गेली. हवालदाराने बघितलं की अडकलंय. अडकलं की माणूस काय करतो? हिसका देतो. त्याने दिला. गाठोडं सुटलं, सैल दोरी संपेपर्यंत मोकळं खाली गेलं आणि थांबलं ते माझ्या मनगटावर.

गाठोडं तेच होतं आणि हातही तोच. पण संथ उतरणारं ओझं पेलणं वेगळं आणि वेगात आलेलं ओझं डोळ्याची पापणी लवायच्या आत थांबवणं वेगळं. थांबवायला जितका वेळ कमी, तितकं बल जास्त, हे मी कॉलेजात फळ्यावर लिहिलं होतं, अक्षर फार सुरेख होतं. त्या दिवशी ते खांद्यावर लिहिलं गेलं. खांदा निखळला, छाती कठड्यावर आपटली, पाय जमिनीवरून सुटले. त्या बाईने मागून माझा पोलिसी पट्टा दोन्ही हातांनी धरला नसता तर मी गेलेच होते. आणि सरळ खाली गेले नसते. शेपूट धरलेला माणूस बाहेर रस्त्यावर होता, ओढ त्याच्या दिशेने होती. मी पत्र्यांच्या पलीकडे पडले असते.

हवालदार खालून ओरडत होता, "बेन, वाग्युं? लागलं का?" मी कठड्यावर हनुवटी टेकवून रस्त्याकडे बघत होते.

हात गळ्यात बांधलेला असतानाच मी कोसाडला गेले. त्या तिघींपैकी सगळ्यात वयस्कर बाईकडे, जिला सगळी इमारत मावशी म्हणायची. तिच्या गॅलरीत खिळ्याला निळी नायलॉनची दोरी टांगलेली होती. मी तिच्या डाव्या मनगटाला हात लावला. कातडी चकाकत होती, जुन्या जोत्यासारखी. मग मी अहिराणीत विचारलं, त्या दिवशी काय व्हयनं? नोकरीच्या इतक्या वर्षांत मी वर्दीत पहिल्यांदा माझ्या आईची भाषा बोलले.

तिने माझ्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग सांगायला लागली. ठेकेदार त्या दिवशी स्वतः खाली उभा होता, घाईत होता. पोटलं सळईवर अडकलं, त्याने हिसका दिला. बाई त्याच्या पुढ्यात येऊन पडली. त्याने मनगटाची दोरी सोडली, पोटलं टेम्पोत टाकलं आणि वर बघून गॅलरीतल्या बायकांना म्हणाला की माझं नाव आलं तर या इमारतीत पुन्हा एक साडी येणार नाही. नवऱ्याबद्दलचा फोन त्यानेच केला होता. पोलीस जबाबाला यायच्या आत बायका एकत्र बसल्या आणि काय सांगायचं ते ठरलं.

"आणि नवरा 'मरशील तू' म्हणाला ते?"

"म्हणाला ना. 'मरशील तू एक दिवस या पोटल्यांपायी', असं म्हणाला. तिने ते काम सोडावं म्हणून मागे लागला होता तो. आम्ही पोटली तेवढी काढून टाकली."

मी विचारलं, मावशी, झोप कशी येते? ती म्हणाली, टिक्की चिकटवायला बसलं की पहाट होते, झोपायचं कुणाला असतं. मग खिळ्यावरच्या दोरीकडे बोट करून म्हणाली, "हीच ती. त्याने टाकून दिली होती, मी उचलून आणली. चांगली होती." त्या दिवसापासून त्याच दोरीने मावशीची पोटली उतरत होती.

दोरी जप्त केली. वरिष्ठांकडे गेले. साहेब म्हणाले, "छोडो ने, बेन. केस उभी आहे, न्यायालय बघेल." मी हट्ट धरला. पुढील तपासाची परवानगी मिळवली. मावशीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं आणि तिने सगळं सांगितलं. नवरा सुटला.

ठेकेदाराला बोलावलं तेव्हा तो खुर्चीत अगदी स्वस्थ बसला होता. "मी ओढलं नाही, मॅडम. अडकलं होतं, सोडवलं," एवढंच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. त्याच्यावर निष्काळजीपणाचा खटला झाला. तोवर मावशी वारली होती आणि बाकीच्या बायकांनी न्यायालयात सांगितलं की आम्ही काही पाहिलं नाही. तो सुटला. इमारतीत त्याने खरंच साडी पाठवली नाही. मावशी जिवंत होती तोवर तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, नळावर तिची बादली मागे सारायचे. तिला बोलायला मी लावलं होतं.

नवरा तुरुंगातून बाहेर आला त्या दिवशी मी दारात होते. मी त्याला अहिराणीत सांगितलं की चूक माझी होती. त्याने मान हलवली. पोरले सांगं का, म्हणजे मुलीला सांगितलं का, असं विचारलं. मी म्हणाले, चल, आपण दोघं जाऊन सांगू.

मामाचं गाव नंदुरबारकडे. बाप अंगणात उभा राहिला आणि मुलगी दारामागे गेली. मी आत जाऊन बसले. तिला सगळं समजावलं. नुसतं बोलून भागेना म्हणून कळशीला दोरी बांधली, सैल सोडली आणि हिसका कसा बसतो ते दाखवलं. खोड जात नाही. कळशी खाली आपटून पाणी सांडलं. ती भिंतीला टेकून बघत होती. मग म्हणाली, तुम्ही आधी वेगळं सांगितलं होतं. मी हो म्हणाले. तिने बाहेर जायला नकार दिला. तो अंगणात उन्हं उतरेपर्यंत उभा होता. मग स्वतःच चपला घालून निघाला.

निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, या प्रकरणातून काय शिकलात? मी म्हणते, गोणी कठड्यावर ठेवू नये. हसतात. खरं सांगायचं तर शिकले ते नववीच्या पुस्तकात आहे आणि मला तेव्हा शंभरपैकी चांगले गुण होते. एकदा चालू झालेली वस्तू आपणहून थांबत नाही. तिला थांबवायला बाहेरून बल लागतं. मी त्या जिन्यावर मुलीच्या डोक्यावर हात ठेवून एक शब्द बोलले होते. तो लोटायला काही ताकद लागली नव्हती. थांबवायला गेले तेव्हा कळलं की मधल्या काळात तो किती वेग घेऊन बसला आहे. मी जे काही वापरलं, न्यायालयाचा हुकूम, मावशीची साक्ष, कळशी, माझा मोडका खांदा, ते सगळं मिळून अपुरं पडलं. आता माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही.

सुटल्यावर नवरा सुरतेच्या कडेला इच्छापोरला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होता. लूमवर परत गेला नाही, झोपेची भीती वाटते म्हणाला. गेल्या वर्षी त्याच्या छातीचं दुखणं वाढलं. मी अधूनमधून डबा घेऊन जाते. माझ्या हातची कळण्याची भाकरी तो खातो. मला वाटतं माफ केलं असेल, विचारायची हिंमत झाली नाही. त्याने पुन्हा तेच मागितलं, मनी पोरले सांगा. मुलगी आता सुरतेतच आहे, सचिनला एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात संगणकावर डिझाइन करते. एका शहरात दोघं, आणि भेट नाही.

मी तिच्याकडे गेले. चांगली वागली. चहा केला, माझी धाप बघून दम्याचा काढा कुठला घेता विचारलं, खांद्याची चौकशी केली. मी तिला सांगितलं की बाप आजारी आहे, एकदा ये, काही बोलू नकोस, नुसती समोर उभी राहा. पुन्हा दोरीचं सगळं सांगितलं, हिसका कसा बसतो, ओढ कुठल्या बाजूने होती, बांगड्यांची काच का सापडली नाही. मी थांबले तेव्हा तिने माझा रिकामा कप उचलला, तो हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली,

"दोरीचं सगळं समजतं मला, मॅडम. खोटं आहे असं मी म्हणतच नाही. पण दोरी मी बघितली नाही. मी तुमची गोणी बघितली."